खालचं पान

पत्त्यांची जादू दाखवणारा माणूस आधी बाह्या सरसावून सांगतो, की बघा, हातात काही नाही, बाहीत काही नाही आणि मी काही पाहिलेलंही नाही. आमच्या गोविंदकाकांची तऱ्हा उलटी होती. ते पत्त्यांचा कॅट हातात घ्यायचे, जरासा तिरका करायचे आणि समोरच्याला शांतपणे सांगायचे, "मी खालचं पान पाहतोय हं." आणि खरोखरच पाहायचे. समोरचा हसायचा, काकाही हसायचे. पाच मिनिटांनी त्याने मनात धरलेलं पान काका त्याच्या हातावर ठेवायचे आणि तो चाट पडून विचारायचा, की हे केलंत कसं. काका म्हणायचे, सांगितलं की सुरुवातीलाच.

ते कुणी ऐकलेलंच नसायचं. मीसुद्धा ऐकलं नव्हतं, आणि मी तर बँकेत दिवसभर लोकांच्या सह्या पडताळून पाहणारी बाई.

मी बनारसला आले ती नव्वदीच्या सुरुवातीला. बँकेने बढती दिली आणि त्याच कागदावर सांगलीहून बनारसला बदलीही दिली. लग्न केलेलं नव्हतं, वय पस्तिशीच्या आसपास, तेव्हा घरच्यांनी "एवढ्यात काशीला निघालीस का" म्हणून हौसेने चेष्टा करून घेतली. रामघाटाच्या गल्ल्यांत मराठी घरं आहेत, एवढ्या माहितीवर मी तिथे खोली शोधत गेले. गल्ली अशी, की समोरून बैल आला तर आपण कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. मी ज्याच्यावर चढले तो ओटा गोविंदकाकांचा होता.

वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या दाखवताना त्यांनी एकेक दोष सांगायला सुरुवात केली. माकडं येतात. वाळत घातलेले कपडे नेतात, त्यातही परकर जास्त. नळाला पाणी सकाळी सातपर्यंत, नंतर भगवान मालिक. पावसाळ्यात या भिंतीला हात लावू नका, ओल असते. मागच्या भाडेकरूला दोनदा विंचू चावला, पण तो माणूस थोडा बेसावध होता. शेवटी म्हणाले, "आणि शेजारच्या दारात माझा थोरला भाऊ राहतो. तो तुमच्याशी बोलणार नाही. मतलब, तुमचं काही चुकलं असं नाही. तुम्ही माझ्याकडे राहणार म्हणून."

मागून काकूंचा आवाज आला, "अहो, त्यांना खोली द्यायची आहे की घाटापर्यंत पळवायचं आहे?"

मी खोली घेतली. सगळे दोष आधीच सांगून टाकणाऱ्या घरमालकाकडे लपवायला काही उरत नाही, हा माझा बँकेतला हिशोब. तो बरोबर ठरला. फक्त विंचू निघाला तो तिसरा.

काका बुटके, गोल, गोरे. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथे जानव्याचा दोरा बांधलेला. महाराष्ट्रातून काशीयात्रेला येणाऱ्या लोकांचं ते उपाध्येपण करत. सकाळी खांद्याला झोळी अडकवून अहिल्याबाई घाटावर किंवा मुन्शी घाटावर जायचे, यजमानांचे विधी करायचे आणि दुपारी त्यांना जेवायला घरी घेऊन यायचे. झोळीत दर्भ, तीळ, पंचांग, आणि तळाशी जुन्या मफलरमध्ये गुंडाळलेला पत्त्यांचा कॅट. पत्त्यांचे कोपरे मऊ पडले होते आणि त्यांना कापराचा वास यायचा. चौकटच्या अठ्ठीवर मागून तुपाचा डाग होता. ते पान पाठीवरून ओळखू येतं, हेही काका आधी सांगून टाकत.

वैदिकाच्या झोळीत पत्ते, यावरून गल्लीत कुजबुज होती. एकाने तोंडावर विचारलंही. काकांनी त्याला सांगितलं ते असं, की आईवडिलांचे पिंड देऊन माणूस वर येतो, तेव्हा त्याला बोलता येत नाही आणि गप्पही बसवत नाही. स्वयंपाकाला अजून अर्धा तास असतो. तेवढा अर्धा तास त्याच्या हाताला काही तरी द्यावं लागतं. मी पत्ते देतो, तुम्ही आणखी काही देत असाल तर द्या. विचारणारे गृहस्थ त्यानंतर तासभर बसून जादू बघून गेले.

काकांना ही एकच जादू येत होती आणि दुसरी शिकायची त्यांची इच्छाही नव्हती. मला त्यांनी ती शिकवली ती बँकेतल्या एका समारंभासाठी. आमच्या शाखेचा वर्धापनदिन होता आणि प्रत्येकाने काही तरी करून दाखवायचं होतं. मला गाता येत नाही आणि नाचण्याचं वय मी तरुणपणीच ओलांडलं होतं. काका म्हणाले, ताई, ही जादू घ्या, एका संध्याकाळीत येते.

ती खरोखर एका संध्याकाळीत येते, म्हणून इथेच सांगून टाकते. कॅट पालथा धरायचा आणि नीट करता करता सगळ्यांत खालचं पान पाहून घ्यायचं. समजा, ती बदामची राणी आहे. मग पानं पसरून समोरच्याला एक काढायला सांगायचं. त्याने ते पाहून लक्षात ठेवलं, की ते कॅटवर सगळ्यांत वर ठेवायला लावायचं. आता त्याला कॅट काटायला सांगायचं, म्हणजे वरचा भाग उचलून बाजूला ठेवायचा आणि खालचा उरलेला भाग त्याच्यावर. झालं. समोरच्याला वाटतं, आपलं पान आत कुठे तरी हरवलं. पण बदामची राणी येऊन नेमकी त्याच्याच डोक्यावर बसलेली असते. वरून एकेक पान उलटत जायचं. राणी दिसली, की पुढचं पान त्याचं.

"मला तुमचं पान ठाऊक नसतं," काका म्हणायचे. "त्याच्या शेजारी कोण बसलंय, तेवढं ठाऊक असतं."

हे वाक्य ते जादू दाखवतानाही बोलायचे. त्यांच्या जादूत एकच नियम होता, की एकही शब्द खोटा बोलायचा नाही. मला हा नियम बावळटपणाचा वाटला. समारंभात मी रीतसर जादूगारासारखी सुरुवात केली, की मी कुठलंही पान पाहिलेलं नाही. पहिल्याच ओळीत बसलेला आमचा कॅशियर, ज्याने जन्मात फक्त बोटांकडे पाहण्याचंच काम केलं होतं, म्हणाला, "मॅडम, आप ने नीचे वाला देखा." सगळी शाखा हसली. मी इतकी गोंधळले, की बदामची राणी होती की इस्पिकची, हेही विसरले. घरी येऊन काकांना सांगितलं. ते म्हणाले, खोटं बोललात ना, मग हात घाबरतो. पाहतेय म्हणून सांगितलं असतंत, तर त्याने पाहिलंच नसतं.

पुढच्या वर्षी मी तसं केलं. कॅशियर चाट पडला.

हा खरं बोलण्याचा रोग पत्त्यांपुरता नव्हता. घरात फोन नवा आला तेव्हाची गोष्ट. एक यजमान पहाटेपासून चार वेळा फोन करून डोकं खात होता. पाचव्यांदा घंटी वाजली तेव्हा काकूंनी दोन्ही हात हलवून खूण केली, घरात नाही म्हणून सांगा. काका फोनमध्ये म्हणाले, "नमस्कार. हो, मीच. आमची घरची मंडळी हात हलवून सांगतेय की मी घरात नाही. पण मी आहे. बोला." काकूंनी कपाळाला हात लावला. यजमान मात्र हसत सुटला आणि पुढे दर वर्षी त्यांना आंब्याची पेटी पाठवायला लागला.

एकदा पुण्याचे एक निवृत्त हेडमास्तर धाकट्या भावाचं करायला आले होते. तोंड घट्ट मिटलेलं. त्यांच्या पत्नी काकूंना हळूच सांगत होत्या, की भाऊ गेल्यापासून हे घरात कुणाशी धड बोलले नाहीत. काकांनी जादू सुरू केली. हेडमास्तरांनी पान काढलं, वर ठेवलं, आणि काटायला सांगितलं तर कॅट उचलून खसाखसा पिसला. हेडमास्तरच ते. काकांनी पानं उलटायला घेतली आणि मध्येच थांबून कबूल केलं, की आता मला येत नाही, तुम्ही पिसलेत, शेजारी हलला. हेडमास्तरांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं, की जणू काकांना कॉपी करताना पकडलं. मग ते बोलायला लागले. कॉपीच्या तऱ्हा, धाकट्या भावाने केलेली कॉपी, तिच्यापायी खाल्लेला मार. पानावर बसून त्यांनी तीन पुरणपोळ्या खाल्ल्या आणि भावाच्या नावाने ढसढसा रडले. निघताना काकांना म्हणाले, तुमची जादू साफ फसली बरं का. काका म्हणाले, एकदम फसली.

आता शेजारच्या दाराची गोष्ट.

दोन्ही दारं मुळात एकाच घराची. मध्ये भिंत घातलेली. दोन ओट्यांमध्ये तीन पावलांचं अंतर, आणि अकरा वर्षांत ती तीन पावलं कुणी टाकली नव्हती. थोरले माधवभट, ज्यांना काका दादा म्हणत, उंच, ताठ, आवाज असा की नदीच्या पलीकडे ऐकू जावा. सकाळी दोघे भाऊ एकाच वेळी ओट्यावर येत, एकाच बाजूला बघत दात घासत आणि एकमेकांना न बघता आत जात. मला नवल वाटायचं ते याचं, की पत्त्यांची जादू काकांना शिकवली होती ती दादांनीच.

भांडणाचं कारण काकांनीच मला सांगितलं, आणि ते सांगताना स्वतःची बाजू जराही सावरली नाही.

उपाध्यांकडे यजमानांच्या नामावळीच्या वह्या असतात. कोण कुठल्या गावाहून आला, बरोबर कोण होतं, कुणाचं केलं, पिढ्यान्‌पिढ्यांचं लिहिलेलं. लोक येतात आणि विचारतात, आमचे आजोबा इथे आले होते का. असाच एक म्हातारा यजमान आला होता. दादांनी वही उघडली, बोट फिरवलं. नाव नव्हतं. म्हातारा टक लावून बघत होता. दादांना ते बघवलं नाही. त्यांनी कोऱ्या जागेवर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली, की आले होते, सहकुटुंब आले होते, गंगापूजन केलं, पाच ब्राह्मण जेवू घातले. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि शेजारी बसलेले काका वहीत डोकावून म्हणाले, "दादा, इथे तर काहीच नाहीये."

यजमान उठून गेला. दादांनी वही मिटली ती मिटलीच. महिन्याभरात घरात भिंत आली.

भांडी वाटली, जागा वाटली, शेवटी वह्या राहिल्या. पंचांनी सुचवलं, जिल्ह्यांवरून वाटा. दोघांनाही ते नको, तुझ्याकडे जास्त यजमान जातील, माझ्याकडे जास्त. मग या दोन शहाण्यांनी काय केलं, तर वह्यांची फळी समोर ठेवली आणि पत्ते वाटतात तशा वह्या वाटल्या. एक तुला, एक मला. एक तुला, एक मला. शेवटपर्यंत.

आता त्या फळीवर वह्या लावलेल्या होत्या गावांच्या क्रमाने, म्हणजे शेजारच्या गावाची वही शेजारी. आजोबांनी मुद्दाम तशा लावलेल्या. कारण लोक यात्रेला येत ते शेजारच्या गावच्या सोबतीने, आणि मुली देत त्याही शेजारच्याच गावी. एखाद्याचं नाव त्याच्या गावच्या वहीत सापडलं नाही, की शेजारची वही काढायची. तिथे सोबतीत, नाही तर सोयरिकीत ते सापडायचंच. घराण्याची सगळी विद्या त्या शेजारात होती, आणि वाटणीत प्रत्येक वहीचा शेजारी भिंतीपलीकडे गेला.

काका हे सांगून स्वतःच हसले होते. मी मात्र विचारलं, मग नाव सापडलं नाही तर काय करता. म्हणाले, यजमानाला खरं सांगतो, शेजारच्या दारात विचारा. तो तिकडे जातो. दादा विचारतो, कुणी पाठवलं. आणि मग तिकडेही काही सापडत नाही.

असं अकरा वर्षं चाललं होतं. मग हौसाबाई आल्या.

पौषातला रविवार होता, म्हणून मी घरी होते. यात्रेच्या बसमधून आलेल्या, साठीच्या पुढच्या, हिरवं लुगडं आणि पायात नव्या चपला घातलेल्या हौसाबाई काकांच्या अंगणात एकट्याच येऊन बसल्या. बाकीची मंडळी देवळांत गेली होती. बस चार वाजता प्रयागला सुटणार होती. काकांनी विचारलं, कुणाचं करायचं. म्हणाल्या, आईचं. आईचं नाव काय. हौसाबाईंनी पदर सारखा केला.

"त्येच इचारायला आलेय, महाराज. माझ्या आईचं नाव मला ठावं न्हाई."

त्या जन्मल्या आणि तिसऱ्या दिवशी आई गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं. घरात मेलेलीला सगळे नुसतं "थोरली" म्हणायचे, आणि तेही दबक्या आवाजात. दाखल्यावर सावत्र आईचं नाव लागलं. मोठेपणी विचारावं म्हटलं तर वडील गेले, म्हातारी माणसं गेली. आईचं माहेर नदीपलीकडचं, बेलवडे, आडनाव शिंदे. ते गाव धरणात बुडालं आणि माणसं चार दिशांना पांगली. एवढंच ठाऊक होतं.

काकांनी आंबेगावची वही काढली, हौसाबाईंच्या गावची. त्यांचे आजोबा सापडले, वडील सापडले. सुनांची नावं लिहिलेलीच नव्हती. काकांनी त्यांना समजावलं, की नाव ठाऊक नसलं तरी शास्त्रात सोय आहे, विधी पूर्ण होतो, काही अडत नाही.

"तुमचं न्हाई अडत," हौसाबाई म्हणाल्या. "मी साठ वरसं बिननावाची आई घिऊन फिरतेय. आज घाटावर बसून तिला हाक मारायची तर काय म्हणून मारू?"

बेलवड्याची वही कुठे होती, ते घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. फळीवर आंबेगावच्या अगदी लागून. म्हणजे भिंतीपलीकडे.

आधी मी गेले. म्हटलं, माझं काय जातंय. दादा ओट्यावरच होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, अगदी शेवटपर्यंत, आणि मग विचारलं, "माझ्या वहीत खोटं असतं, असं तुमच्या काकांनीच भर बैठकीत सांगितलंय. मग त्या बाईला खोटं नाव कशाला हवंय?" आणि आत गेले.

मी परत येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. अकरा वाजून गेले होते. काकूंनी हळूच, हौसाबाईंना ऐकू जाणार नाही अशा बेताने काकांना म्हटलं, की एखादं नाव सांगून टाका हो, सरस्वती म्हणा, लक्ष्मी म्हणा, बिचारीचा जीव शांत होईल. मला वाटलं काका रागावतील. ते रागावले नाहीत. काकूंकडे बघत राहिले आणि म्हणाले, दादाने हेच केलं होतं गं.

मग त्यांनी चष्मा पुसला, दोरा बांधलेली काडी कानावर नीट बसवली आणि उठले. झोळी घेतली नाही, पत्ते घेतले नाहीत. ओट्यावरून उतरले आणि ती तीन पावलं चालले. हौसाबाई मागोमाग निघाल्या, आणि मला कुणी बोलावलं नसताना मीही गेले. अशा वेळी मागे राहण्याइतकी मी सभ्य नाही.

दादा आत घडवंचीजवळ बसले होते. काका उंबऱ्यातच थांबले.

"दादा, माझं चुकलं."

दादांनी मान वर केली नाही. "काय चुकलं? त्या पानावर नाव नव्हतं. तू खरंच बोललास."

"खरं होतं. पण त्या माणसासमोर बोललो, ते चुकलं. घरी येऊन तुला बोलायला पाहिजे होतं."

गल्लीतून कुणी तरी बैलाला हाकलत गेलं. मग दादा उठले. त्यांनी घडवंचीवरून एक लांबट, लाल फडक्यात बांधलेली वही काढली, खाली पाटावर ठेवली, फडकं सोडलं आणि पानं उलटत गेले. एका पानावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी वही उचलली आणि काकांच्या पुढ्यात धरली.

"घे. तूच वाच. माझ्या वाचण्याचा काय भरवसा."

काकांनी वहीकडे पाहिलं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर प्रत्येकाचं खालचं पान सांगून-सवरून पाहिलं, त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि डोळे मिटून घेतले.

"मी पाहत नाही, दादा. तू सांग."

दादांचा तो नदीपार जाणारा आवाज एकदम बसला. मग बोटाखालची ओळ वाचली. "बेलवडे. शिंदे, खंडूजी. सोबत कुटुंब. मुलगा नाही. मुलगी एक, रखमा. आंबेगावी दिली."

हौसाबाई तशाच उभ्या होत्या. "रखमा," त्या म्हणाल्या. मग पुन्हा एकदा म्हणाल्या, जरा मोठ्याने, हाक मारावी तसं. आणि दादांच्या पायाशी बसून रडल्या. मीही रडले, लपवत नाही. काकांनी डोळे उघडले तेव्हा ते ओले होते आणि चष्मा धुरकटला होता, त्यामुळे पाहायचं म्हटलं असतं तरी त्यांना काही दिसलं नसतं.

विधी दोघा भावांनी मिळून केला. मंत्र दादांनी म्हटले, सामान काकांनी मांडलं. काकूंनी मला नंतर सांगितलं, की घाटावर दादांचा आवाज ऐकून नावाडीसुद्धा वल्ही थांबवून बसले होते. काकूंची सांगण्याची पद्धत बघता त्यातलं निम्मं मी सोडून देते. जेवणं झाल्यावर काकांनी मफलर सोडून कॅट काढला. हौसाबाईंनी काढलेलं पान किलवरची चौकी होती. ती हातावर आली तेव्हा त्या काकांना म्हणाल्या, की तुमी तर मघाशी म्हणालात, खालचं पान बघतोय म्हणून. इतक्या वर्षांत ऐकणारं हे पहिलंच माणूस. काका इतके खूश झाले, की त्यांनी तिथल्या तिथे त्यांना जादू शिकवून टाकली. चारची बस साडेचारला सुटली.

भिंत काही पाडली नाही. एकदा बांधलेली भिंत पाडायलाही गवंडी लागतो, आणि दोघांचं कुठला गवंडी आणायचा यावर एकमत होईना. वह्याही वाटल्या तशाच राहिल्या. फक्त दिवसभर भिंतीवरून आवाज यायला लागले. "दादा, जरा वडूज बघ." "नाहीये. तुझ्याकडे मायणी असेल, तिथे बघ." माझी दुपारची झोप त्यात कायमची गेली.

एक गोष्ट मात्र माझ्या मनात राहून गेली होती. त्या दिवशी काकांनी तोंड फिरवलं, हौसाबाईंना वाचता येत नव्हतं, आणि वही होती ती माझ्या हनुवटीखाली. सह्या पडताळणारे डोळे, ते कसले मिटतात. बाळबोध, टपोरं अक्षर होतं. रखमा, आंबेगावी दिली. दादांनी एक काना-मात्रासुद्धा स्वतःच्या पदरची घातली नव्हती.

तीनेक वर्षांनी माझी बदली कोल्हापूरला झाली. निघायच्या सकाळी सामान पुढे गेलं होतं. दोघे भाऊ काकांच्या ओट्यावर बसले होते, मध्ये पत्ते. काकूंनी डब्यात दशम्या बांधून दिल्या आणि डोळे पुसत आत गेल्या. मी पाया पडले. मग राहवेना म्हणून काकांना बाजूला घेऊन म्हटलं, की काका, त्या दिवशी मी वहीत पाहिलं होतं.

त्यांनी लगेच हात वर करून मला थांबवलं.

"नका सांगू, ताई. मी दादाच्या तोंडून ऐकलंय."

मी नाही सांगितलं. गल्लीच्या वळणावर बैल आडवा उभा होता, म्हणून थांबावं लागलं, आणि थांबले म्हणून मागे वळून पाहिलं. ओट्यावर एक नवा यजमान येऊन बसला होता. त्याने पान काढायला हात पुढे केला होता. काकांनी कॅट नेहमीसारखा तिरका धरला होता, पण दादांच्या बाजूला, आणि स्वतः तोंड फिरवून, डोळे मिटून बसले होते. दादा वाकून खालचं पान पाहत होते आणि यजमानाला स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात काकांना ते कोणतं आहे, ते सांगत होते. यजमान हसत होता.